एका माळेतली गाणी

दिवाळीच्या पहाटे घरात कोणती गाणी लावावीत, हा प्रश्न चिवड्यात शेंगदाणे घालावेत की काजू, इतकाच निरुपद्रवी वाटतो. पण तीन पिढ्या एका छपराखाली नांदत असलेल्या घरात तो एकदा काढून पाहावा! आजीला भूपाळी हवी, तीर्थरूपांना नाट्यपद, कन्येला गेल्या महिन्यातल्या चित्रपटातले गाणे. आणि कोणीतरी हळूच एका लावणीचे नाव घेतो. पूर्वी रेडिओ देईल ते ऐकावे लागे. आता शंभर-सव्वाशे वर्षांचा आवाज खिशातल्या फोनमध्ये येऊन बसला आहे, आणि त्यातून माळ ओवण्याचे काम मजसारख्या शाळामास्तराकडे येते, कारण याद्या करण्याची सवय आम्हांला जन्माची!

पहिला आक्षेप ठरलेला: अभंगाशेजारी लावणी? पुण्यात या आक्षेपाला वजन आहे. परंतु याच पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी, ऐन दिवाळीच्या सुमारास, अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी दुसरे काय केले होते? कीर्तनातली साकी-दिंडी घेतली, कर्नाटकी चाली घेतल्या, लावणीचे वळणही वर्ज्य मानले नाही. पुढे 1916 साली 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्याल-ठुमरीचे भांडार मराठी पदांसाठी मोकळे केले. आज ज्याला आपण शुद्ध मराठी नाट्यसंगीत म्हणून मान डोलावतो, ती मुळात अशी मिसळच होय.

मात्र त्या मिसळीत एक सचोटी होती. जुनी नाटकाची पुस्तके काढून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द छापून पुढे मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले आढळतात. कोणाच्या घरून उसने आणले, ते चारचौघांत सांगितलेले असे. आपल्या माळेत गाण्यामागून गाणे येते, पण गाणारा कोण, चाल कोणाची, हे विचारले तर घरातला एकही जण सांगू शकत नाही. मला खटकते ते इथे. लावणी अभंगाशेजारी बसली याने माझे काही बिघडत नाही. परंतु जिची लावणी आपण दिवाणखान्यात ऐकतो, तिला दारात उभे करायला जे घर तयार नसते, त्या घराच्या सोवळ्याला काय म्हणावे?

असो. गाण्यांना पंक्तीतून उठवण्याचा प्रयोगही आपल्याकडे होऊन गेला आहे. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि अभिरुचीच्या काळजीने चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. केसकर संगीताचे जाणकार होते, हेतूही वाईट नव्हता. पण लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. दुसऱ्याचे कान आपल्या हुकमाने शुचिर्भूत होत नाहीत.

म्हणून सगळेच सारखे मानून कसेही ओवावे काय? हजेरीपटात मुलांची नावे एकाखाली एक असतात, म्हणून ती मुले एकमेकांची सोबती ठरत नाहीत. जाणत्या गवयाच्या मैफलीत ख्यालानंतर ठुमरी येते, नाट्यपद येते, अभंग येतो, शेवटी भैरवी. सरमिसळ तीही आहेच, पण प्रत्येक चीज आधीच्या चिजेचे ऐकून मग बोलते. आपण मात्र विलंबित ख्यालाची पहिली दहा मिनिटे बोटाने पुढे सरकवतो, आणि समर्थनार्थ जुन्या तबकड्यांचा दाखला देतो. खरे आहे, अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवला. पण काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे तिथे गाणाऱ्याने ठरवले होते. आपल्या बोटाला ती तपश्चर्या कुठली?

माझी खरी अडचण निराळीच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्‌व्हँ या दांपत्याने खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहेत, आणि विशेष म्हणजे त्या बायांची नावेही नोंदलेली आहेत. आता गावोगाव विजेची गिरणी आहे. जाते लग्नातल्या हळदीपुरते उरले. नाट्यपद प्रेक्षकांसाठी, अभंग विठ्ठलासाठी आणि मेळ्यासाठी; ओवी मात्र श्रोत्यासाठी जन्मली नाही. अंधारात दळणाऱ्या बाईने सासरचे दुःख दगडाला सांगितले. ते आपण चकली खाताना ऐकावे काय? ऐकले तर तिच्या मनातले चोरून ऐकल्यासारखे होते. न ऐकावे, तर शतकानुशतके जिचे कोणी ऐकले नाही, तिचे आपणही ऐकले नाही असे होते. दुसरा अपराध मला अधिक जड वाटतो. म्हणून ओवी माळेत आहे.

तिची जागा मात्र ठरत नाही. तूर्त मी ती सर्वांत आधी, पहाटे चारला ठेवली आहे. कन्या म्हणते, "बाबा, तेव्हा घरात कोण जागे असते? मधे घ्या, सगळ्यांना ऐकू येईल." आजीचे म्हणणे, दळणाची वेळ तीच. नरकचतुर्दशीपर्यंत काहीतरी ठरवायला हवे.