गायिकेच्या प्रीतीखातर दिलेलें दान

दानधर्माचा एक प्रकार हल्लीं आपल्या वारंवार दृष्टीस पडतो, आणि त्याविषयीं शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे. एखादी गायिका सहस्रावधि लोकांच्या आवडीची असते. तिच्या मनांत दुखणाइत किंवा निराधार मुलांविषयीं कळवळा असतो, व त्यांच्याकरितां ती कांहीं कार्य चालविते. मग तिच्या गाण्यावर लुब्ध झालेले लोक आपसांत ठरवितात कीं, जें कार्य तिला प्रिय तें आपणांसही प्रिय. आणि तिच्या नांवानें हारतुरे व फटाके ह्यांवर पैसा न घालवितां ते त्या मुलांसाठीं वर्गणी जमवितात. येथें प्रश्न असा उद्भवतो कीं, हें दान मुलासाठीं झालें कीं गायिकेसाठीं? ज्यानें मुलाचें तोंडही पाहिलें नाहीं व केवळ गाण्याच्या गोडीनें खिशांत हात घातला, त्यानें खरोखर दया केली असें म्हणावें काय?

हा प्रश्न मोठ्या शहरांतील हौशी लोकांचा आहे, आपणां खेड्यांतील मंडळीस त्याचें काय, असें कोणीं समजूं नये. भिवंडीजवळचें कामतघर हें एके काळीं वऱ्हाळादेवीच्या तळ्याकांठचें गांव होतें; आज तें शहराच्या पोटांत आलें आहे, व भोंवतालीं रात्रंदिवस यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. त्या खडखडाटांत बारा बारा तास उभा राहणारा तरुण कामगार जरा फुरसत मिळाली कीं मोबाईलवर आपल्या आवडीचें गाणें लावितो. त्या गळ्याशीं त्याचें नातें जडतें. उद्यां त्याच गळ्यानें एखाद्या मुलासाठीं मदत मागितली, तर मीटरमीटरानें कापड विणून मिळविलेल्या मजुरींतून तो दहापांच रुपये काढील. तें त्याचें करणें योग्य कीं अयोग्य, शहाणपणाचें कीं भाबडेपणाचें, हें त्याला सांगण्याची वेळ आपणांपैकीं कोणावरही येऊं शकेल.

प्रथम एक उदाहरण घेऊं. होळकरांच्या इंदूर शहरीं १९९२ सालीं जन्मलेली पलक मुच्छल ही गायिका आज चित्रपटांतील गाण्यांमुळें घरोघर ठाऊक आहे. १९९९ सालीं कारगिलचें युद्ध चालू असतां, सात वर्षांच्या वयांत, तिनें दुकानोदुकानीं गाऊन सैनिकांच्या कुटुंबांसाठीं पैसे जमविले. पुढील सालीं इंदुरांतील एका गरीब शाळकरी मुलाच्या हृदयास जन्मतःच दोष आहे असें कळल्यावर एका हातगाडीचें व्यासपीठ करून तिनें गाणीं म्हटलीं. बंगळूरचे प्रख्यात शस्त्रवैद्य डॉ. देवी शेट्टी ह्यांनीं त्या मुलाची शस्त्रक्रिया विनामूल्य करण्याचें कबूल केलें. तेव्हां जमलेल्या रकमेचें काय करावें हा प्रश्न पडला, व तशाच दुसऱ्या मुलांचा शोध सुरू झाला. एक मूल शोधीत असतां अनेक मुलें पुढें आलीं. तेव्हांपासून तिच्या गायनाच्या कार्यक्रमांच्या पैशांतून तीन हजारांहून अधिक मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाल्या आहेत. प्रत्येक मुलामागें ती आपणासाठीं एक बाहुली घेते, असें सांगतात.

आतां पाहा, ह्या कार्यक्रमांस जे लोक तिकीट काढून गेले, त्यांपैकीं कित्येक केवळ गाणें ऐकण्यास गेले असतील. मुलाचा विचारही त्यांच्या मनांत आला नसेल. तरी शस्त्रक्रिया झाली, व मूल आईच्या मांडीवर परत आलें. त्या आईनें आलेला रुपया उलटून पाहून, हा कोणत्या हेतूनें दिला गेला, असें विचारिलें नाहीं. म्हणून पहिली गोष्ट आपण स्पष्ट कबूल केली पाहिजे: घेणाऱ्याच्या दृष्टीनें दान हें पुरें सोळा आणे दान आहे. जो कोणी अशा दानाची थट्टा करितो, पण स्वतः शुद्ध हेतूची वाट पाहत हात बांधून बसतो, त्याच्यापेक्षां गाण्याच्या नादानें देणारा मुलाच्या अधिक उपयोगीं पडतो.

परंतु दानाला दोन टोंकें असतात. एक घेणाऱ्याच्या हातीं, व दुसरें देणाऱ्याच्या हृदयांत. ह्या दुसऱ्या टोंकाचा विचार केला म्हणजे अडचण दिसूं लागते. जें दान गायिकेच्या प्रीतीनें दिलें जातें, तें ती प्रीति आहे तोंवरच टिकतें. लोकांची आवड पावसाळ्यांतील ओढ्यासारखी असते. आज दुथडी, उद्यां कोरडी. नवा गळा पुढें आला म्हणजे जुन्या गळ्याचे चाहते पांगतात. पण मुलाचें दुखणें पांगत नाहीं. ज्या मुलास वर्षानुवर्षें औषध, अन्न व शाळा पाहिजे, त्याचें जगणें लोकांच्या आवडीच्या खुंटीवर टांगून ठेवणें हें बरें नव्हे. म्हणून गायिकेची प्रीति हा उंबरठा आहे, घर नव्हे. उंबरठ्यावरून आंत यावें हें उत्तम. पण तेथेंच जन्मभर बसून राहणारा घरांत आला असें कोणी म्हणणार नाहीं.

उंबरठ्यावरून लोकांस आंत कसें न्यावें, ह्याचा उत्तम दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. गाडगे महाराज हे १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांत परीट जातींत जन्मले व १९५६ सालीं वारले. त्यांच्या कीर्तनास हजारों खेडूत लोटत. दिवसां हातांत खराटा घेऊन ते गांव झाडीत, आणि रात्रीं कीर्तनांत कर्ज काढूं नका, दारू पिऊं नका, देवापुढें बकरीं मारूं नका, मुलांस शाळेंत घाला, असें सांगत. लोक त्यांच्यासाठीं जीव टाकीत. पण पायां पडावयास कोणी आला कीं ते त्याला काठीचा धाक दाखवीत. आपण कोणाचे गुरु नाहीं व आपला कोणी शिष्य नाहीं, हें त्यांनीं आयुष्यभर सांगितलें. लोकांनीं प्रीतीनें दिलेल्या पैशांतून नाशिक, आळंदी, पंढरपूर इत्यादि ठिकाणीं धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः ते फुटक्या गाडग्यांत भाकर घेऊन बसत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ सालीं त्यांनीं डॉ. आंबेडकर ह्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे ते मोठे हितकर्ते होते, व कऱ्हाडच्या कॉलेजास त्यांचें नांव आहे. त्यांच्या मागें आजही आश्रमशाळा व वसतिगृहें चालू आहेत. जी प्रीति त्यांच्याकडे धांवत आली, ती त्यांनीं आपल्यापाशीं न थांबवितां पुढें मुलांकडे लावून दिली. जो गायक असें करितो, त्याच्या चाहत्यांचें दान त्याच्या गळ्याबरोबर मरत नाहीं.

ही रीत केवळ आपल्या देशाची नव्हे. लंडन शहरीं टॉमस कोरम नांवाच्या दर्यावर्दी गृहस्थाच्या खटपटीनें १७३९ सालीं टाकून दिलेल्या बालकांसाठीं एक आश्रम स्थापन झाला. हांडेल नांवाचा प्रसिद्ध संगीतरचनाकार त्याचा हितकर्ता होता. १७५० सालापासून आपली 'मसीहा' ही मोठी संगीतरचना तो त्या आश्रमाच्या देवळांत दरसाल बालकांच्या साहाय्यार्थ गाववीत असे, आणि मरतेसमयीं तिची एक प्रत त्यानें आश्रमासच मृत्युपत्रानें दिली. १७५९ सालीं तो वारला, तरी रचना आश्रमापाशीं राहिली व गायनही चालू राहिलें. ह्याच रचनेचें पहिलें गायन १७४२ सालीं डब्लिन शहरीं कैदी व रोगी ह्यांच्या मदतीसाठीं झालें, तेव्हां अधिक लोकांस जागा मिळावी म्हणून स्त्रियांनीं घेरदार झग्यांचे सांगाडे व पुरुषांनीं तरवारी घरीं ठेवून याव्या, अशी विनंति करण्यांत आली होती. ही लहानशी गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दान करावयास येतांना माणसानें आपला डौल दाराबाहेर ठेविला, तर आंत आणखी एकासाठीं जागा होते.

हा डौल आजच्या चाहत्यांतही शिरतो. आमच्या गायिकेच्या मंडळीनें इतके जमविले, तुमच्या गायिकेच्या मंडळीनें किती, अशी चढाओढ लागते. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, असें म्हणणारे पक्ष करिंथ येथील मंडळींत होते हें आपणांस ठाऊकच आहे. तरी चढाओढ सर्वथा वाईट असें म्हणतां येत नाहीं. यरुशलेमांतील गरिबांसाठीं वर्गणी जमवितांना त्याच पौलानें मासेदोनियाच्या लोकांचें औदार्य करिंथकरांस सांगून त्यांना जागें केलें. दुसऱ्याचें पाहून देण्याची इच्छा होणें हें चांगलें. दुसऱ्यास खालीं पाहावयास लावण्यासाठीं देणें हें वाईट. पहिल्यांत मूल आठवतें, दुसऱ्यांत तें विसरलें जातें.

त्याच वर्गणीसंबंधानें आणखी एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. पौलानें ती रक्कम एकट्यानें नेली नाहीं. कोणाच्या मनांत संशय येऊं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें बरोबर घेतलीं. चांगला हेतु असला म्हणजे हिशेब नको, ही समजूत किती घातक आहे हें अलीकडच्या एका उदाहरणावरून दिसतें. १९७१ सालीं पूर्व पाकिस्तानांतून, म्हणजे हल्लींच्या बांगलादेशांतून, लाखों निर्वासित हिंदुस्थानांत आले. तेव्हां सतारवादक पंडित रविशंकर ह्यांच्या विनंतीवरून त्यांचे मित्र जॉर्ज हॅरिसन ह्यांनीं १ ऑगस्ट रोजीं न्यूयॉर्क येथें गायनाचे दोन मोठे जलसे केले. तिकिटांचे सुमारें अडीच लाख डॉलर बालकांसाठीं काम करणाऱ्या युनिसेफ संस्थेस मिळाले. परंतु पुढें ध्वनिमुद्रिका व चित्रपट ह्यांपासून जो त्याहून कितीतरी मोठा पैसा आला, तो वर्षानुवर्षें करखात्याच्या चौकशींत अडकून पडला. कारण धर्मादाय म्हणून कायदेशीर व्यवस्था अगोदर केली गेली नव्हती. गाणारे प्रामाणिक होते, ऐकणारे उदार होते, तरी भुकेलें मूल कागदांसाठीं थांबूं शकलें नाहीं. म्हणून गायिकेवर प्रेम आहे एवढ्याकरितां पैसा कोठें जातो हें विचारूं नये, असें कधींही होतां कामा नये. विचारणें हा अविश्वास नव्हे. मुलाच्या बाजूनें केलेली ती राखण आहे.

आतां सर्वांत कठीण आक्षेपाकडे येऊं. कोणी म्हणेल, दूरच्या मुलासाठीं वर्गणी पाठवितां, आणि तुमच्या शेजारच्या चाळींतील मूल धापा टाकीत आहे तें दिसत नाहीं! हा आक्षेप खरा आहे. हृदयांतील पडद्याला जन्मतः छिद्र असलें म्हणजे मूल दूध पितांना दमतें, घामाघूम होतें, वजन धरीत नाहीं. हृदयाचे कांहीं दोष असे असतात कीं, त्यांत ओंठ व नखें निळसर दिसतात. आईबाप त्यास दृष्ट लागली म्हणतात, व महिने निघून जातात. अशीं मुलें हुडकून काढण्यासाठीं सरकारनें २०१३ सालीं राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, व त्याचा आरंभ त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील पालघर येथेंच झाला. त्याचीं वैद्यकीय पथकें अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत जाऊन मुलें तपासतात. परंतु जें मूल अंगणवाडींतही नाहीं व शाळेंतही नाहीं, तें पथकाच्या यादींत कसें येणार? यंत्रमागाच्या कामासाठीं उत्तर प्रदेशांतून व तेलंगणांतून आलेल्या, भाड्याच्या खोल्या बदलीत राहणाऱ्या कुटुंबांतील मुलें अशाच रीतीनें निसटतात. तेथें प्रथम पैशाची नव्हे, तर त्या मुलास हातीं धरून अंगणवाडीपर्यंत किंवा सरकारी दवाखान्यापर्यंत नेणाऱ्या शेजाऱ्याची गरज असते.

मग दूरच्यास देऊं नये काय? तसें नव्हे. ज्यानें कधींच कोणास दिलें नाहीं, त्याचा डोळा जवळच्या मुलावरही पडत नाहीं. गाण्यानें ज्याचें मन एकदां हललें, त्याला शेजारचें मूल दिसण्याचा संभव अधिक. केवळ एवढी खबरदारी घ्यावी कीं, दूरचें दान हें जवळच्या कर्तव्याची पावती होऊं नये. दहा रुपये पाठविले, आतां आपण मोकळे झालों, असें ज्यास वाटलें त्यानें दया केली नाहीं; आपली सुटका विकत घेतली.

तेव्हां कामतघरच्या त्या कामगारानें आपणांस विचारिलें, तर त्याला रागें भरूं नये व हंसूंही नये. त्याच्यापुढें तीन प्रश्न ठेवावे. गायिकेचें नांव पुसून टाकिलें, तरी ह्या मुलासाठीं तूं देशील काय? तुझा पैसा कोठें गेला, हें तुला ठाऊक आहे काय? आणि दिल्यानंतर तुझ्या दाराशेजारच्या मुलाकडे तूं पूर्वीपेक्षां अधिक वेळां पाहतोस काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर आज नाहीं असें आलें, तरी हरकत नाहीं. प्रीतीचा आरंभ बहुधा लहान व मिश्र असतो. दुसऱ्याचें उत्तर मात्र त्यानें आजच शोधून काढावें. आणि तिसऱ्याचें उत्तर होय असें येऊं लागलें, म्हणजे गायिकेनें आपलें काम केलें असें समजावें. कारण गाणें थांबल्यावरही त्या मुलाकरितां कोणीतरी जागा राहिला आहे.