घटना आणि तिचा अर्थ

माणसाचे सुखदुःख बाहेरच्या वस्तूंत असते की त्या वस्तूंकडे पाहणाऱ्या मनात, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी मानसशास्त्र नावाची ज्ञानशाखा उदयाला येण्याच्या कितीतरी आधी हाताळला होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी एकमुखाने दिले नव्हते. सांख्यकारिकेवर टीका लिहिताना वाचस्पती मिश्रांनी एकाच रूपवती स्त्रीचे उदाहरण घेतले आहे: ती पतीला सुख देते, सवतींना दुःख देते आणि तिची प्राप्ती न होणाऱ्या परपुरुषाला मोहात टाकते. यावरून भावना पाहणाऱ्याच्या मनात असते, असा निष्कर्ष आजचा वाचक सहज काढील. सांख्यांनी मात्र नेमका उलटा काढला, की सत्त्व, रज आणि तम हे प्रकृतीचे सुख, दुःख व मोहरूप गुण त्या विषयातच आहेत आणि ज्याच्यापुढे जो गुण प्रकट होतो तसा त्याला अनुभव येतो.

चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’ या वेदान्तग्रंथात हा वाद वेगळ्या पातळीवर गेला. त्यातील द्वैतविवेक प्रकरणात दोन सृष्टी मानल्या आहेत: ईश्वरसृष्टी, म्हणजे सर्वांसाठी सारखी असलेली वस्तूंची सृष्टी, आणि जीवसृष्टी, म्हणजे त्या वस्तूंना प्रत्येक जीवाने दिलेल्या अर्थांची सृष्टी. रत्न एकच असते. ते मिळालेला हरखतो, न मिळालेला चिडतो आणि विरक्त माणूस ते नुसते पाहतो. याहून मार्मिक दृष्टान्त दूरदेशी गेलेल्या मुलाचा आहे. मुलगा जिवंत असताना तो गेल्याची खोटी बातमी कुणी आणली तर बाप रडतो, आणि मुलगा खरोखर गेलेला असूनही बातमी पोहोचली नाही तर बापाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. ग्रंथकाराला यातून बंध आणि मोक्ष यांविषयीचा सिद्धान्त काढायचा आहे, परंतु दृष्टान्ताची शक्ती त्या हेतूपुरती मर्यादित राहत नाही. खोट्या बातमीने रडणाऱ्या बापाला सांत्वनाचे चार शब्द पुरत नाहीत. बातमी खरी आहे की नाही हे त्याला कुणीतरी पडताळून सांगायला हवे असते. दृष्टी बदलणे आणि दृष्टी तपासणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि या कल्पनेच्या इतिहासात जे खरोखर मोलाचे आहे ते दुसऱ्या क्रियेतून आलेले आहे.

भूमध्य समुद्राच्या परिसरात ही तपासणी ‘पंचदशी’च्या बाराशे वर्षे आधीच सुरू झालेली होती. आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे इ. स. ५० च्या सुमारास जन्मलेला एपिक्टेटस रोममध्ये गुलाम होता, पुढे मुक्त झाला आणि सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केल्यावर ग्रीसमधील निकोपोलिस येथे शिकवू लागला. त्याने स्वतः काही लिहिले नाही. आरियन या शिष्याने टिपून ठेवलेल्या प्रवचनांतून त्याचा विचार टिकला. तो ज्या स्टोइक पंथाचा होता त्याच्या मते बाहेरून मनावर उमटणारा ठसा माणसाच्या अधीन नसतो, मात्र त्या ठशाला खरा मानून संमती द्यायची की नाही हे त्याच्या अधीन असते, आणि क्लेश उपजतो तो घाईने दिलेल्या या संमतीतून. पुढच्या पिढ्यांत हाच विचार मार्कस ऑरेलियस या सम्राटाने लष्करी मोहिमेवर असताना स्वतःसाठी केलेल्या टिपणांत घोळवला. गुलाम आणि सम्राट या दोघांच्याही उपयोगी पडावी, एवढी ही दृष्टी व्यापक होती. आणि दोघांनीही तिची कसोटी आधी स्वतःवर लावली, ही गोष्ट पुढच्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या सूत्राला उपचाराचे रूप मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. न्यूयॉर्कमधील अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) हे आधी मनोविश्लेषक होते, म्हणजे आजाराचे मूळ बालपणात आणि अबोध मनात शोधणाऱ्या फ्रॉइडच्या परंपरेत काम करीत होते. त्या मार्गाने रुग्णांत पुरेशी सुधारणा होत नाही असे वाटल्यावर त्यांनी तो सोडला आणि १९५५ मध्ये, एपिक्टेटसचे ऋण मोकळेपणाने मान्य करीत, नवी पद्धती मांडली. घटना आणि तिचा भावनिक परिणाम यांच्यामध्ये माणसाची समजूत उभी असते, आणि ती समजूत ‘असे झालेच पाहिजे’ अशा हट्टाची असेल तर परिणाम विघातक होतो, हा तिचा गाभा. साधारण पुढच्याच दशकात फिलाडेल्फियातील ॲरन बेक यांना खिन्नतेच्या रुग्णांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांत ठरावीक चुका आढळल्या, आणि असा विचार गृहीतक समजून रुग्णाने तो पुराव्यांनिशी तपासावा, अशी रीत त्यांनी घालून दिली.

मराठी वाचकांना हा विचार दूरचा वाटू नये, याचे मोठे श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांना जाते. त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, ही पद्धती भारतात रुजवली आणि विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ती मराठीत समजावून दिली. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी याच वातावरणात लिहिली गेली. एका परदेशी मानसशास्त्रज्ञाच्या जीवनाला मराठीत कादंबरीचा विषय होता आले, यावरून त्या विचाराने येथे धरलेले मूळ लक्षात येते.

प्रयोगांनी मात्र चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेले २२ जण इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत. परंतु अपघाताने अपंगत्व आलेले २९ जण अपेक्षेइतके दुःखी नसले तरी इतरांहून कमी सुखी होते, हा त्याच अभ्यासाचा दुसरा भाग सांगायचा बहुधा राहून जातो. मन परिस्थितीला सरावते, पण परिस्थिती पुसून टाकत नाही. १९७९ मध्ये लॉरेन ॲलॉय आणि लिन अब्रॅमसन यांनी विद्यार्थ्यांना बटण आणि हिरवा दिवा देऊन, दिवा लागण्यावर आपले किती नियंत्रण आहे याचा अंदाज बांधायला सांगितले, तेव्हा काही परिस्थितींत खिन्न विद्यार्थ्यांचे अंदाज अधिक अचूक निघाले आणि खिन्न नसलेल्यांनी नसलेले नियंत्रण स्वतःकडे घेतले. या निष्कर्षावर पुढे बरेच वाद झाले. तरीही सुखकर दृष्टी ती खरी दृष्टी, हे समीकरण त्यानंतर निःशंकपणे मांडता येत नाही.

या विचाराचा दुरुपयोग होतो तो येथेच. स्वतःच्या मनाची झडती घेण्यासाठी घडलेले साधन सुस्थितीतील माणूस पीडिताला उपदेश म्हणून देऊ लागतो, तेव्हा भूक, अपमान आणि अन्याय हेही पाहण्याचे दोष ठरतात. एलिस यांच्या पद्धतीत याला आधार नाही, कारण तिने दुःख, खंत आणि काळजी या प्रतिकूल परिस्थितीतील निकोप भावना मानल्या असून खिन्नता, संताप आणि चिंता यांपासून त्या वेगळ्या काढल्या आहेत. निकोप दुःख माणसाला परिस्थिती बदलायला प्रवृत्त करते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात दुःखाचे मूळ मनात की परिस्थितीत, हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील आहेत की नाहीत, अशी शंका त्यांनी प्रस्तावनेत उपस्थित केली, कारण जगणेच दुःख असे ठरले तर धम्म निराशावादी होतो. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथाही त्यांनी वेगळी सांगितली: म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनाऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला कलह तेथे निमित्त ठरतो, आणि पुढे तो कलह मिटल्याचे कळूनही सिद्धार्थ घरी परतत नाही, कारण राजाराजांतील युद्ध थांबले तरी वर्गावर्गांतील संघर्ष चालूच राहतो आणि जगातील दुःखाचे मूळ त्यात आहे, असे त्याला दिसून येते.