रांग

वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराजवळच्या गल्लीत तात्यांची सकाळ कुत्र्यांपासून सुरू होई. बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांचा नेम ठरलेला. साडेपाचला पार्ले-जीचा पुडा घेऊन खाली उतरायचं, उकिडवं बसून "यू यू" करायचं, की शेरू आणि त्याची टोळी शेपट्या हलवत हजर. येणारंजाणारं कुणी बिचकलं तर तात्या हसत म्हणत, "काही करत नाही हो तो!"

मे महिन्याच्या सुट्टीत लेक-जावयानं त्यांना नातीबरोबर बालीला न्यायचं ठरवलं. शेजारच्या सिस्टर केईएममधून निवृत्त झालेल्या. त्या मुद्दाम येऊन म्हणाल्या, "तात्या, बालीत 2008 पासून रेबीज आहे. निघायच्या आधी सगळ्यांनी लस घ्या. मग कुत्रं चावलंच तर दोन डोसांत भागतं, परक्या मुलखात सीरम शोधत फिरावं लागत नाही."

"अहो सिस्टर, कुत्री माझा हात ओळखतात. नामदेव महाराज तर पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते!"

"नामदेवांना कुत्र्यात विठ्ठल दिसला, खरंय. पण विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायला आपण रांगेतूनच जातो ना? थेट गाभाऱ्यात घुसतो का?"

तात्या नुसतेच हसले. सिस्टरांनी दिलेली चिठ्ठी त्यांनी न वाचताच पाकिटात कोंबली. लस राहिलीच.

बालीत उबुडच्या माकडांमध्ये सगळे चष्मे आणि पिशव्या सांभाळून वावरले. कुत्र्यांची धास्ती मात्र कुणालाच वाटली नाही. कुत्री काय, घरचीच! एका दारापुढे पानाच्या द्रोणात फुलं आणि भात ठेवला होता. शेजारी एक कुत्री पहुडली होती, पोटाशी पिल्लं. कुणाला कळायच्या आत सात वर्षांची नात उकिडवी बसली, बिस्किटाचा हात पुढे केला आणि म्हणाली, "यू यू..."

कुत्रीनं तिचं मनगट धरलं आणि सोडलं. क्षणाचं काम. पण दात रुतले होते.

लेक रुमाल बांधायला धावली. तात्यांना एकदम चिठ्ठी आठवली. थरथरत्या हातांनी त्यांनी ती उघडली: 'आधी नळ आणि साबण, पंधरा मिनिटं. हळद नाही, चुना नाही, घट्ट पट्टी नाही. लगेच डॉक्टर. जखम लहान म्हणून थांबू नका. एकदा लक्षणं दिसली की उपाय उरत नाही.'

घड्याळ लावून पंधरा मिनिटं त्यांनी नातीचा हात नळाखाली धरला. तेवढ्या वेळात त्यांच्या डोळ्यांपुढे पूर्वीची ती पोटातली चौदा इंजेक्शनं नाचत होती. दवाखान्यात कळलं, आता लस दंडातच देतात. पण आधी लस घेतलेली नसल्यामुळे जखमेत सीरमही द्यायला हवं होतं. ते त्या दवाखान्यात नव्हतं. दुसऱ्यात मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. सुई जखमेत शिरली तेव्हा नात रडली नाही, फक्त म्हणाली, "आजोबा, मी तुमच्यासारखंच केलं ना?"

ती सुई तात्यांना जास्त खोल गेली.

मुंबईला परतल्यावर उरलेल्या प्रत्येक डोसाला तेच नातीला घेऊन पालिकेच्या रुग्णालयात गेले. एकही तारीख चुकवली नाही. पहाटेची बिस्किटं चालूच होती. शेरूच्या मानेवर हात फिरवताना एके दिवशी त्यांना आठवलं, पहिले कित्येक दिवस हाच शेरू लांब फेकलेलं बिस्कीट उचलून पळत असे. हातातून घ्यायला त्याला अख्खा पावसाळा लागला होता. म्हणजे आपणही रांगेतच उभे होतो. नंबर लागला आणि रांग विसरलो, एवढंच.

आषाढी आली. वडाळ्याच्या प्रतिपंढरपुरात दर्शनाची रांग दूरवर गेली होती. फुलं-तुळशीच्या हातगाडीखाली शेरू झोपला होता. रांगेतला एक मुलगा बापाचं बोट सोडून त्याच्याकडे निघाला. बापानं तात्यांना विचारलं, "काका, काही करत नाही ना हा?"

जुनं उत्तर तात्यांच्या जिभेवर आलं होतं. ते गिळून त्यांनी मुलाच्या खांद्यावर अलगद हात ठेवला.

"मला काही करत नाही. तुझी न् त्याची अजून ओळख कुठंय, बाळा? कुत्रं झोपलं असेल, खात असेल, पिल्लांजवळ असेल, तर लांबूनच बघायचं."

"मग ओळख कधी होणार?"

तात्यांनी कळसाकडे नेणाऱ्या त्या लांबलचक रांगेकडे बोट दाखवलं. "त्याच्याकडेही अशीच रांग असते. आणि नंबर कधी लागला, ते तो सांगतो. आपण नाही."