त्याला जमेल काय?

दुसऱ्या माणसाच्या अंगी काय होण्याची ताकद आहे, हे त्याच्या आधी आपण सांगू शकतो काय? आणि सांगू शकत असलो, तरी ते सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? हा प्रश्न ग्रंथालयातल्या धुळीत शोभावा असा वाटेल. आमच्यासमोर मात्र तो चहाच्या टेबलाशी, फुटबॉलच्या निमित्ताने उभा राहिला.

२०१७ सालच्या जुलै महिन्यात, वसईहून मेलबर्नला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. तिकडे तो ऐन हिवाळा, आणि हिवाळा म्हणजे तिथल्या खास फुटबॉलचा हंगाम. आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून हा खेळ सर्वस्वी निराळा. मैदान क्रिकेटचेच, चेंडू मात्र लंबगोल. प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोहोंतून चेंडू पायाने धाडला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू घेऊन धावता येते, पण ठरावीक अंतराने तो जमिनीवर आपटावा लागतो. फेकण्यास मनाई, दुसऱ्याकडे द्यायचा तर मुठीने ठोसून द्यायचा. किमान पंधरा मीटरवरून लाथाडलेला चेंडू कोणी जमिनीला लागण्यापूर्वी झेलला, तर त्यास ‘मार्क’ म्हणतात, आणि झेलणाऱ्यास निर्वेधपणे पुढची लाथ मारण्याचा हक्क मिळतो. १८५८ पासून मेलबर्नमध्ये रुजलेला हा खेळ तिथली मुले पाऊल टाकू लागली की शिकतात. जमिनीवर पडलेला लंबगोल चेंडू कोणत्या अंगाने उसळेल, हे त्यांच्या पायांना ठाऊक असते. डोक्याला विचारावे लागत नाही.

घरातला थोरला मुलगा कॉलिंगवूड क्लबचा निस्सीम चाहता. त्या दिवशी शेजारचे दोघे-तिघे जमले होते आणि वाद पेटला होता मेसन कॉक्सवरून. हा टेक्सासचा अमेरिकन, उंची २११ सेंटीमीटर, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळलेला. २०१४ साली कॉलिंगवूडने त्याला घेतले तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि हा खेळ त्याला सर्वस्वी नवा होता. २०१६ च्या अँझॅक दिनी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर तो प्रथम उतरला आणि पहिल्याच लाथेस त्याने गोल केला. मात्र पुढच्या वर्षी संघातली त्याची जागा पक्की राहिली नव्हती. दुसऱ्या खेळातून आलेल्या अशा खेळाडूस तिकडे ‘कन्व्हर्ट’ म्हणतात. आमच्या कानाला हा शब्द जरा निराळाच लागतो. नव्याने आलेल्याकडे जुन्यांनी कोणत्या नजरेने पाहावे, हा वाद आमच्या घरात दोन हजार वर्षे चालू आहे.

एक शेजारी म्हणत होता, उंची देवाने दिली, पण चेंडू खाली पडला की हा माणूस संपला; वाकेपर्यंत दुसरा तो घेऊन पसार होतो. दुसऱ्याचे म्हणणे, बास्केटबॉलने घडवलेले ते हात पाहा. तेवढ्या उंचीवर पोचलेला चेंडू दुसरे कोण झेलणार? अजून चार वर्षे द्या. तिसरा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, माझ्या भावाचा मुलगा सहाव्या वर्षापासून खेळतो. त्याला चार वर्षे कोणी दिली? यावर खोलीत शांतता पसरली. मग घरचा मुलगा आमच्याकडे वळून म्हणाला, “फादर, तुम्ही त्रयस्थ. तुम्हीच सांगा, जमेल काय याला?”

आम्ही दहा मिनिटे पडद्याकडे पाहिले होते. खेळाचे नियमही आम्हास त्याच सकाळी कळले होते. तरी आम्ही म्हणालो, “कठीण दिसते.” सगळे हसले, आम्हीही हसलो. तो विषय तेवढ्यावर संपला.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी उपांत्य सामन्यात कॉलिंगवूडची गाठ आदल्या वर्षीच्या विजेत्या रिचमंडशी पडली. त्या रात्री कॉक्सने अकरा मार्क घेतले आणि तीन गोल केले. कॉलिंगवूडचे चाहते त्याच्या देशाच्या नावाचा घोष करीत होते. रिचमंड हरले. पुढे डोळ्यांच्या दुखापती आणि शस्त्रक्रिया त्याच्या वाट्याला आल्या. गडद चष्मा लावून तो खेळत राहिला, आणि २०२३ साली ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून अजिंक्यपद जिंकणाऱ्या कॉलिंगवूडच्या संघात तो होता. २०१८ च्या त्या सामन्यानंतर मेलबर्नहून आम्हांस फोन आला. मुलगा फक्त एवढेच म्हणाला, “फादर, कठीण दिसते ना?”

येथेच एक सोपे तात्पर्य आमच्या हाताशी येते, आणि वाचकहो, ते आम्ही जाणूनबुजून नाकारीत आहोत. ‘पाहा, धीर धरला म्हणून फळ मिळाले’, असे म्हणून प्रवचन संपविणे सोपे आहे. परंतु त्या रात्री चेंडू त्याच्या बोटांतून निसटला असता तर? तर आमचे दहा मिनिटांचे भाकीत न्याय्य ठरले असते काय? निकाल आमच्या बाजूने लागला असता. पण आम्ही केलेला अविचार अविचारच राहिला असता. यशाने धीराची किंमत ठरवणे म्हणजे जुगाऱ्याने जिंकल्यावर आपल्या शहाणपणाची ग्वाही देण्यासारखे आहे. बाहेरून येणाऱ्यांतले बरेचसे काही हंगामांत घरी परततात. त्यांच्याविषयी आपली नीती काय, हा खरा प्रश्न आहे.

सेमिनरीत आम्हास ॲरिस्टॉटल शिकवला गेला. क्षमता आणि तिची प्रत्यक्षता हा त्याचा विचार संत थॉमसने पुढे नेला. परीक्षेपुरता आम्ही तो पाठ केला आणि विसरलो. पण त्यात एक बारकावा आहे, तो मेलबर्नच्या त्या टेबलानंतर आम्हास उमगला. लाकूड जळू शकते हे खरे. पण लाकूड आपले आपण जळत नाही, आधीच पेटलेले काहीतरी त्याच्या जवळ यावे लागते. ॲरिस्टॉटल आणखी पुढे जाऊन म्हणतो की, शिकविणे आणि शिकणे ही दोन कामे नव्हेत; ती एकच हालचाल आहे, आणि ती शिकणाऱ्याच्या ठायी घडते. म्हणजे गुरूचे काम झाले की नाही, हे शिष्याकडे पाहूनच कळते. हे मान्य केले तर ‘त्याच्यात किती दम आहे?’ हा प्रश्न अर्धाच उरतो. त्याचा दुसरा अर्धा भाग असा: ‘त्याच्या जवळ कोण गेले, काय घेऊन गेले, आणि किती दिवस थांबले?’ हा दुसरा भाग विचारणाऱ्याकडे बोट दाखवितो, म्हणूनच बहुधा तो विचारला जात नाही.

याच खेळातले एक उदाहरण घेऊ. ऐंशीच्या दशकात मेलबर्न क्लबने आयर्लंडमधून गेलिक फुटबॉल खेळणारी मुले आणण्याचा प्रयोग सुरू केला. गेलिक फुटबॉलचा चेंडू गोल, येथला लंबगोल. १९८४ साली डब्लिनहून अठरा वर्षांचा जिम स्टाइन्स आला. त्याला अगदी मुळाक्षरांपासून शिकावे लागले. खालच्या दर्जाचे सामने खेळत तो १९८७ साली मुख्य संघात पोचला. त्याच वर्षी सप्टेंबरात हॉथॉर्नविरुद्धचा उपांत्य सामना होता. मेलबर्न क्लब १९६४ नंतर अंतिम सामन्यात पोचलेला नव्हता. आता तो काही क्षणांच्या अंतरावर होता आणि चार गुणांनी पुढे होता. इतक्यात, लाथ मारण्याच्या तयारीत असलेल्या गॅरी बकनाराच्या समोरून स्टाइन्स धावत गेला. नियमाने ते निषिद्ध. पंचांनी बकनाराला पंधरा मीटर पुढे आणले, भोंगा वाजून गेल्यावर त्याची लाथ बसली, गोल झाला, आणि मेलबर्न दोन गुणांनी हरले.

‘त्याला कधीच जमणार नाही’ म्हणण्यास याहून सबळ पुरावा कोणता हवा? परक्या खेळाच्या सवयीचे पाय ऐन घटकेला उघडे पडले, असे म्हणता आले असते. पण संघाने त्याचे नाव वगळले नाही. १९८७ ते १९९८ या काळात तो सलग २४४ सामने खेळला. १९९१ साली त्याला ब्राउनलो पदक मिळाले. हे पदक चाहते देत नाहीत, वार्ताहर देत नाहीत. प्रत्येक सामन्यानंतर पंच गुण नोंदवितात, आणि उत्तम खेळाबरोबर निर्मळ खेळही पाहतात. ज्याने नियम मोडून सामना घालविला, त्याच्यावर चार वर्षांनी नियमांच्या राखणदारांनीच शिक्कामोर्तब केले.

येथवरची गोष्ट मेलबर्नमध्ये अनेकांना पाठ आहे. तिच्या शेजारी आम्ही आणखी एक गोष्ट ठेवू इच्छितो. जिमचा धाकटा भाऊ ब्रायन, तोही त्याच क्लबात आला. तेच रक्त, तेच घर, तेच डब्लिन. मुख्य संघातून त्याच्या वाट्याला दोनच सामने आले. तो मायदेशी परतला, आणि १९९५ साली डब्लिनने अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकले तेव्हा तो त्या संघात खेळत होता. आता सांगा, दोघा भावांत ‘ताकद’ कोणाच्या अंगी होती? ऑस्ट्रेलियाच्या हिशेबात ब्रायन हा फसलेला प्रयोग. पण माणूस फसलेला नव्हता. एका मैदानावर जे पेटले नाही ते दुसऱ्यावर पेटले. ‘येथे जमले नाही’ आणि ‘हा काही कामाचा नाही’ या दोन वाक्यांमधले अंतर ओलांडताना आपण किती निष्काळजी असतो!

आता त्या तिसऱ्या शेजाऱ्याकडे वळले पाहिजे, कारण त्याचे म्हणणे सर्वांत वजनदार होते. परक्याला दिलेला धीर कोणाच्या तरी खिशातून जातो. क्लब म्हणतील की, अशा नवशिक्यांसाठी खेळाडूंच्या मुख्य यादीबाहेर निराळ्या जागा आहेत. कॉक्सही तशाच जागेवर आला होता. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. शिकविणाऱ्याचा वेळ एकच असतो, आणि सामन्याच्या दिवशी मैदानावरची जागाही एकच. त्या पुतण्याचे दुःख खोटे नव्हते. आमच्या मते त्यावरचा उपाय परक्याची वर्षे काढून घेणे हा नव्हे. आपल्या पोरालाही तितक्याच आशेने पाहणे हा आहे. परक्याविषयी आपण विचारतो, ‘तो काय होऊ शकेल?’ आणि घरच्याविषयी म्हणतो, ‘तो काय आहे ते आम्ही ओळखून आहोत.’ दुसरे वाक्य पहिल्याहून अधिक क्रूर असू शकते.

आता एक कबुली द्यावी लागेल. सुमारे वीस वर्षांपूर्वी, धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणांची पारख करणाऱ्या एका मंडळावर आम्ही होतो. दूरच्या डोंगरी पाड्यावरून आलेला एक मुलगा होता. आमची प्रमाण मराठी त्याला परकी, इंग्रजी त्याहून परकी. प्रश्न समजून घेण्यातच त्याचा अर्धा वेळ जाई. आमच्या अभिप्रायाच्या रकान्यात आम्ही चार शब्द लिहिले: ‘सालस आहे; झेप नाही.’ तो परत गेला. पुढे तो काय झाला हे आम्हास ठाऊक नाही, आणि तो मोठा कोणी झाला असे कळले असते तर ही कबुली देणे सोपे गेले असते. आज टोचते ते हे की, त्याला त्याच्या भाषेत एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता. आम्ही झेप मोजली ती त्याची नव्हे, आमच्या आणि त्याच्यामधल्या दरीची. ती दरी बुजविणे हे आमचे काम होते. लाकूड ओले आहे असा शेरा मारला, आणि आम्ही स्वतः पेटलो होतो काय, हे तपासले नाही.

तर मग निवाडा करूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. क्लबाला यादी करावी लागते, मंडळाला निर्णय द्यावा लागतो. ज्याला जमत नाही त्याला वर्षानुवर्षे खोट्या आशेवर झुलवत ठेवणे हीही क्रूरताच. चाहत्यालाही ‘आज तो वाईट खेळला’ म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे; ते डोळ्यांनी पाहिलेले सत्य आहे. पण ‘तो यासाठी जन्मलाच नाही’ हे कोणीही पाहिलेले नसते. पहिले वाक्य कृतीविषयी आहे, दुसरे माणसाविषयी. आणि माणसाविषयीचे अखेरचे वाक्य उच्चारण्याचा अधिकार आपल्यापाशी नाही. मुदत ठरवावी, ती त्यास स्पष्ट सांगावी, मुदतीत मनापासून शिकवावे, आणि ती सरल्यावर निरोप द्यायचा झाल्यास ‘येथे जमले नाही’ एवढेच म्हणावे. त्या वाक्यातला ‘येथे’ हा शब्द गाळू नये.

जिम स्टाइन्स निवृत्त झाला तो १९९८ मध्ये. त्याआधीच, १९९४ साली, त्याने एका सहकाऱ्यासह मेलबर्नमध्ये ‘रीच’ नावाची संस्था उभारली होती. वाट चुकलेल्या, स्वतःवरचा विश्वास गमावलेल्या मुलांसाठी. कर्करोगाने २०१२ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. दोन गुणांनी सामना घालविणाऱ्या पोराला एकदा कोणीतरी पुन्हा मैदानावर उतरविले होते. त्याने ते लक्षात ठेवले असावे.

मेलबर्नच्या त्या मुलास आम्ही अलीकडे पत्र लिहिले. त्याच्या शेजाऱ्याचा पुतण्या अजून खेळतो काय, असे विचारले आहे.