चूक कोणाची, की चूक कुठे?

दृश्य आपल्या परिचयाचे आहे. शिरूर अनंतपाळ तालुक्यातील, किंवा आपल्या कोणत्याही तालुक्यातील, एखादी शेतमजूर स्त्री तापाने फणफणलेले मूल खांद्यावर घेऊन सकाळीच दवाखाना गाठते. केसपेपरसाठी एक रांग, तपासणीसाठी दुसरी, रक्त देण्यासाठी तिसरी, औषधांसाठी चौथी. रक्ताचा अहवाल हाती येईपर्यंत डॉक्टर उठून गेलेले असतात. तिची दिवसाची मजुरी बुडते आणि मूल तसेच घरी परतते. आपण संतापून विचारतो, चूक कोणाची?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. कारकून बदलला, परिचारिका बदलली, तरी चार रांगा चारच राहतात. म्हणून रुग्णसेवेची रीत सुधारू पाहणाऱ्याने आधी विचारावे, चूक कुठे? रुग्णाबरोबर दारापासून औषधाच्या खिडकीपर्यंत चालावे, कुठे किती वेळ जातो ते मोजावे, एकच लहानसा बदल करावा आणि पुन्हा मोजावे.

मग दोष व्यवस्थेवर टाकून माणूस मोकळा झाला काय? खरा नैतिक पेच येथेच आहे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४६ साली डॉक्टरांच्या प्रसूतिकक्षात शंभरांपैकी अकराहून अधिक माता दगावल्या. सुइणींच्या कक्षात हे प्रमाण फारच कमी होते. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने त्या फरकाचा माग काढला. शवविच्छेदन करून आलेले हातच मातांना तपासत होते. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले आणि १८४८ साली मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली आले. तरीही वैद्यकविश्वाने त्याचे ऐकले नाही. पुढे त्याने खुल्या पत्रांतून विरोधकांना खुनी ठरवले. १८६५ साली मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. सहकाऱ्यांचा अहंकार अक्षम्य होताच. परंतु ज्यांचे हात धुवायचे होते, त्यांची मने त्यालाही जिंकता आली नाहीत. सत्य गवसणे आणि सत्याकडे इतरांना नेणे, या दोन निराळ्या विद्या आहेत.

दुसरी विद्या कशी असते, हे मराठवाड्याच्या सीमेलगतच्या जामखेडला पाहावयास मिळते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे कार्य आरंभले. प्रारंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिले. त्या मुलींना तेथे राहणे जड गेले आणि गावालाही त्या परक्याच वाटल्या. आरोळ्यांनी ना मुलींना बोल लावला, ना गावाच्या अज्ञानाला; त्यांनी स्वतःची योजनाच बदलली. गावाने निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी शिकवले. त्यांतील कित्येक निरक्षर, कित्येक दलित. त्या नियमाने जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून बालकांची वजने घेत, गर्भवतींची काळजी वाहत. १९७१ च्या सुमारास त्या परिसरात हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके दगावत; १९९० च्या दशकात, प्रकल्पाच्या गावांत, हा आकडा तिसाच्या खाली आला होता.

आमच्या मते पेचाचे उत्तर यात आहे. पुढाकार घेणाऱ्याने हाताखालच्या माणसाला दोषातून मोकळे करावे, स्वतःला मात्र जबाबदारीतून मोकळे करू नये. नोंदवहीतील खऱ्या आकड्याला शिक्षा मिळू लागली, की दुसऱ्या दिवसापासून वहीत खोटे आकडे येतात. मग चूक दिसत नाही आणि रुग्ण दगावतच राहतो. ज्याच्यासमोर चूक निर्भयपणे सांगता येते, तोच सुधारणेचा खरा पुढारी. मात्र जाणूनबुजून केलेल्या हयगयीला व्यवस्थेच्या आड लपू देऊ नये. तेथे जाब विचारलाच पाहिजे.

अंतःकरण तपासण्याची सवय आपल्याला बालपणापासून लावली जाते. ती तपासणी बहुधा आपल्या एकट्याच्या कृत्यांपाशी थांबते. आपण ज्या कामाचा भाग आहोत, त्या कामाच्या रीतीलाही ती लावून पाहू या. आपल्या घरांतील कितीतरी मुली परिचारिका आहेत, कितीतरी मुले दवाखान्यांत काम करतात. त्यांनी उद्या सकाळी आपल्या खिडकीपुढची रांग एकदा तिच्या बाजूने, ताप आलेले मूल खांद्यावर असल्यासारखी, पाहावी. सुधारणेचा पहिला धडा तेथेच आहे.