दाईनें सांगितलेला अर्थ

होकुसाई (१७६०–१८४९) या जपानी चित्रकारानें पंचाहत्तरीच्या सुमारास एक चमत्कारिक काम अंगावर घेतलें. तेराव्या शतकांत फुजिवारा नो तेइका यानें शंभर कवींची प्रत्येकीं एक कविता निवडून केलेला संग्रह तेथें घरोघर परिचित होता. त्या कवितांचा अर्थ एखाद्या दाईनें समजावून सांगावा, तशीं लांकडी ठशांचीं रंगीत चित्रें काढावयाचीं, असा त्याचा बेत. छापून निघालीं तीं अवघीं सत्तावीस.

कवी बहुतेक दरबारचे. चित्रांत मात्र शेतकरी, कोळी, ओझेवाले यांचीच गर्दी. दहाव्या शतकांतील सरदार मिनामोतो नो मुनेयुकी याची कविता घ्या. डोंगरांतल्या गांवीं हिवाळा फार एकाकी. गवत वाळलें आणि माणसांची येजाही सरली, असा तिचा भाव आहे. 'वाळणें' आणि 'दुरावणें' यांवर तींत सुरेख श्लेष साधला आहे. आतां चित्र पाहावें: बर्फांत झोपडीपुढें भडकलेला जाळ, आणि त्याभोंवतीं अंग शेकीत जमलेले शिकारी! मग एकांत कोठें राहिला?

दाईला कविता कळलीच नाहीं, असें म्हणून हंसतां येईल. चित्रकाराच्या मनांत ती मौज असेलही. परंतु आम्हांस वाटतें, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. गांवांत माणूस नाहीं, म्हणजे कोण नाहीं? कवीच्या बरोबरीचा कोणी नाहीं, इतकेंच. त्याचें दुःख खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्याच्या जळणाची ऊब घ्यावयाची, त्याला माणसांत न धरतां आपलें एकाकीपण गावें, हें कितपत न्याय्य?

चित्रकारही या प्रश्नांतून सुटत नाहीं. हीं चित्रें निघालीं तीं १८३३ ते १८३७ च्या भीषण दुष्काळांत. त्यांतील शेतकरी मात्र भुकेले दिसत नाहींत. आणि ठसे कोरणाऱ्याचें काय? चित्राचा पातळ कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून तो रेघन् रेघ कोरी. मूळ चित्र त्यांतच नाहींसें होई. चित्रावर नांव चित्रकाराचें आणि प्रकाशकाचें; कोरणाऱ्याचें क्वचितच. होकुसाईच्या हातच्या मूळ रेघा आज पाहावयास मिळतात त्या, ज्यांचे ठसे कधीं कोरलेच गेले नाहींत अशा चित्रांत.