रुपयाचे मूल्य कोठे राहते?

रुपया घसरला की देशाची मान खाली गेली, ही भावना आपल्याकडे जुनी आणि प्रामाणिक आहे. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर नेण्यात आला, तेव्हा सरकारने परकीय दबावापुढे शरणागती पत्करली, अशी टीका झाली. या भावनेमागे एक तात्त्विक गृहीतक दडलेले असते: मूल्य हा रुपयाच्या अंगचा गुण आहे, आणि तो गुण कमी झाला म्हणजे रुपया, पर्यायाने देश, हिणकस ठरला. हे गृहीतकच मला चुकीचे वाटते.

एकोणिसाव्या शतकातला चांदीचा रुपया त्याविरुद्ध साक्ष देतो. त्याचे वजन १८० ग्रेन होते आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. १८७०च्या सुमारास त्याला दोन शिलिंगांच्या जवळपास भाव मिळे. १८९२च्या सुमारास तो सव्वा शिलिंगापर्यंत आला. नाण्यातली चांदी गुंजभरही घटलेली नव्हती. बदलले होते ते जग: जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, फ्रान्स आणि त्याच्या जोडीच्या देशांनी चांदीची मुक्त नाणेपाडणी थांबवली, अमेरिकेतल्या खाणींतून चांदी येतच राहिली. पुढे १८९३मध्ये हिंदुस्थान सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या आणि काही वर्षांत तोच रुपया सोळा पेन्सांवर, म्हणजे अंगच्या चांदीच्या किमतीहून वर, स्थिरावला. धातू तोच राहून भाव खाली गेला आणि धातू तोच राहून वरही आला. तेव्हा ‘खरे मूल्य सोन्याचांदीत असते, कागदात नाही’ हा आक्षेप इथे टिकत नाही.

मग हे मूल्य राहते कोठे? वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी संख्येचा विचार करताना याच्याशी जुळणारा प्रश्न सोडवला होता. दोन घट समोर असतात, प्रत्येकात एकत्व असते. पण ‘दोन’पण एकट्या घटात सापडत नाही. दोघांना एकत्र पाहणाऱ्या अपेक्षाबुद्धीतून ते उत्पन्न होते आणि ती बुद्धी गेली की नष्ट होते. तरीही वैशेषिकांचे भाष्यकार प्रशस्तपाद त्याला भ्रम म्हणत नाहीत. ते त्याला दोन्ही घटांत मिळून राहणारा खराखुरा गुण मानतात. विनिमय दराचे स्वरूप मला असेच दिसते. तो एकट्या रुपयात नाही आणि एकट्या डॉलरमध्येही नाही. दोघांना शेजारी ठेवून तोलणाऱ्यांच्या अपेक्षेतून तो जन्मतो.

यावर कोणी म्हणेल, मग हा सगळा सटोडियांच्या मनाचा खेळ झाला. तसे नाही. घट नसतील तर अपेक्षाबुद्धी काय मोजणार? दोन देशांतली महागाई, व्याजदर, तेलाचे बिल, निर्यात, परकीय गुंतवणुकीची ये-जा यांवरच ती नजर ठरते. १९९०मध्ये आखाती संकटाने तेल महागले, परकीय गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी उरली, आणि जुलै १९९१च्या १ व ३ तारखेला रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन करावे लागले. ती लहर नव्हती. मात्र बाजारातला प्रत्येक जण दुसरा काय अपेक्षा करील याचीही अपेक्षा धरतो, म्हणून दर कधी कधी कारणांच्या मानाने फार पुढे धावतो, हे मान्य करायला हवे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. मूल्य हा केवळ संबंध असेल, तर दर घसरल्यावर होणारे हाल कोणते? हाल खरेच आहेत, पण ते साऱ्या देशावर सारखे पडत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात नेमके इथे बोट ठेवले. घसरत्या रुपयाने निर्यातदाराला होणारा लाभ हा परदेशाकडून आलेला नजराणा नव्हे. किमती चढतात, मजुरी मागे राहते, आणि एका वर्गाचे दुसऱ्या वर्गाच्या खिशात जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणूनच रुपयाच्या परदेशातल्या भावापेक्षा त्याची देशातली क्रयशक्ती स्थिर राखणे त्यांना महत्त्वाचे वाटे. हा विचार मान्य केला तर चढता रुपयाही आपोआप पुण्याचा ठरत नाही: त्याने आयात स्वस्त होते, तशी परदेशी मालाशी झुंजणाऱ्या विणकराची कमाईही आटते. १९६६च्या वादात राष्ट्राच्या मानापेक्षा हा हिशेब आधी मांडला जायला हवा होता: डाळ-तेल विकत घेणाऱ्या मजुराच्या वाट्याला काय आले, आणि माल बाहेर पाठवणाऱ्याच्या वाट्याला काय.